सोनटक्का उपटणारे आजोबा

गणपतीला हिलोला मामेबहिणीकडे जायचं ठरलं, तेव्हा माझ्या डोक्यात ज्वालामुखी होता, फुलं नव्हती. हवाईच्या या बेटावर पूर्वेकडे कोकणासारखाच पाऊस, वर्षाला सव्वातीन हजार मिलिमीटरच्या आसपास. फक्त चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने पडतो. आदल्या दिवशी ताई म्हणाली, "चल, फुलं आणू." मला वाटलं बाजारात. गाडी थांबली ती पुना भागातल्या रानात.

फाटकातच अडवलं. मळ्याचे मालक जपानी वंशाचे आजोबा, घराण्यातली तिसरी पिढी. त्यांनी माझ्या बुटांकडे बोट दाखवलं. तळव्यांना कालच्या ट्रेकचा चिखल! आधी ब्रशने खरवडायला लावला, मग वर स्पिरिट फवारलं. इथल्या ओहिया झाडांना मारणारी बुरशी २०१४ मध्ये ओळखली गेली. ती मातीतून, बुटांतून, कोयत्याच्या पात्यावरून पसरते. ओहिया गेला तर मळाच गेला, कारण इथे ना शेडनेट, ना पॉलिहाउस. वर ओहिया, त्याखाली हापूऊ नावाचे माणसाहून उंच वृक्षनेचे, आणि त्यांच्या सावलीत, लाव्हाच्या काळ्या खडीत अँथुरियम. वीस एकरांपैकी फुलांना दोनच. उरलेल्या रानाला आजोबांच्या वडिलांनी हात लावला नाही, आजोबांनीही नाही.

अँथुरियम मूळचं कोलंबिया-इक्वेडोरकडचं. १८८९ मध्ये सॅम्युअल डेमन यांनी ते लंडनहून हवाईत आणलं. आपण ज्याला लाल फूल म्हणतो ते खरं तर पान. फुलं असतात मधल्या दांड्यावर, टाचणीच्या टोकाएवढी. दांड्याचा पाऊण भाग रंग पालटला की तोडायचं. आजोबांकडे दोन सुऱ्या. एक हातात, दुसरी जंतुनाशकाच्या डब्यात. झाड बदललं की सुरी बदलायची. ऐंशीच्या दशकात जिवाणूंच्या करप्याने इथले मळे बसले, तेव्हापासूनची ही सवय.

आणि मग वास आला. सोनटक्का! ओढ्याकाठी पांढरा रांगभर फुललेला. मी धावलेच. मागून आजोबा कुदळ घेऊन आले आणि माझ्यासमोर एक अख्खं बेट कंदासकट उपटलं. पोटात कालवलं अगदी. इथे तो तण. त्याचा हिमालयातला पिवळा भाऊबंद तर त्याहून वाईट. दोघांचे कंद जमिनीत अशी चटई विणतात, की ओहियाच्या बारक्या बियांना रुजायला जागाच उरत नाही.

"पण अँथुरियमही परकंच ना?" मी जरा घुश्शातच विचारलं.

"लावलं तिथे बसतं ते," आजोबा म्हणाले. "हा चालतो."

यावर काय बोलणार? तरी राग गेला नाही. फुलं मात्र हवी तेवढी खुडू दिली, उलट जास्तच. कंदाचा एवढासा तुकडा माझ्या पिशवीत दिसला, तो काढून पोत्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर आईला व्हिडिओ कॉल लावला. सोनटक्का बघून ती हरखली. मग चष्मा पुढे सरकवत म्हणाली, "आणि ते लाल काय वाहिलंय? जास्वंद नाही मिळाली?"

मी उत्साहाने नवी विद्या पाजळली. फूल नव्हे ते, पान आहे. आणि अँथुरियम अळूच्याच कुळातलं.

आई क्षणभर गप्प. "म्हणजे देवाला अळू वाहिलंस?"

स्वयंपाकघरातून ताई ओरडली, "फदफदं उद्या आहे, आत्या!"