गंजासकट विकतो: आमची वाटचाल

२००९ साली आधी क्रायस्लर आणि पाठोपाठ जनरल मोटर्स दिवाळखोरीत गेली. डेट्रॉईटच्या आसपास सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतून माणसं कमी होऊ लागली, त्यात मीही होतो. बायकोची नोकरी शाबूत होती म्हणून घर चाललं. पॉन्टिॲक हा ब्रँडच मोडीत काढायचं जनरल मोटर्सनं त्याच वर्षी जाहीर केलं. आणि आमचं दुकान उभं राहिलं ते मुख्यतः जुन्या पॉन्टिॲकवरच!

मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीत बसवलेलं दांडगं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. १९६४ साली पॉन्टिॲकनं आपल्या टेम्पेस्ट गाडीत ३८९ घनइंचाचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं इंजिन घालून जीटीओ काढली आणि बाकीच्या कंपन्यांनी तोच रस्ता धरला. पुढे विम्याचे हप्ते भडकले, धुराचे नियम कडक झाले, १९७३ला तेल महागलं आणि तो जमाना आटोपला. गाड्या मात्र गोठ्यांत, शेडमध्ये पडून राहिल्या. त्या शोधून, आहेत तशाच विकणं हा आमचा धंदा.

दुरुस्त करून का विकत नाही, हे सगळेच विचारतात. माझा भागीदार इथलाच, उभं आयुष्य पत्राकामात गेलेला. त्यानं पहिल्याच गाडीचा हिशेब मांडला: फरशीचा पत्रा, मागचे मडगार्ड, क्रोम, रंग, सीटची शिलाई. बेरीज गाडीच्या बाजारभावाच्या वर गेली. शिवाय आमचं गिऱ्हाईक हौशी. त्याला काम स्वतःच करायचं असतं. दुसऱ्यानं मारलेल्या ताज्या रंगाखाली काय दडलंय, याचीच त्याला धास्ती.

म्हणून आम्ही काही झाकत नाही. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि पत्रा आतून कुजत जातो. डिकीची फरशी, मागच्या चाकांवरचा भाग, चासीचं मागचं टोक, हे आधी बघायचं. लोहचुंबक फिरवायचं, चिकटलं नाही तिथे पत्र्याऐवजी लांबी (पुट्टी) भरलेली. जाहिरातीत पहिला फोटो भोकांचा. इंजिन वर्षानुवर्षं उभं असेल तर चावी मारायची नाही. प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, मुरू द्यायचं आणि पान्यानं हातानंच फिरवून बघायचं. फिरलं तर फिरलं, नाहीतर ‘जाम आहे’ असं लिहायचं.

आईला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “अरे, इंजिनियर ना तू? मग भंगार कसलं विकतोस?” इथल्या मराठी मंडळातही मी भंगारवालाच आहे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. ती बघून आलेल्यांचे फोन मग आठवडाभर वाजतात, तेव्हा बायकोसुद्धा दुकानात बसते.

खरी किंमत ठरते ती कागदांवर. १९६४-६५ची जीटीओ चासी नंबरावरून ओळखता येत नाही, कारण तेव्हा ते लमान्स या टेम्पेस्टच्याच वरच्या प्रकारावरचं जादा पॅकेज होतं. त्यासाठी पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ बिलाची प्रत मागवावी लागते. १९६६पासून पुढची काही वर्षं सोपं झालं: नंबर २४२नं सुरू झाला तर जीटीओ, २३७नं झाला तर लमान्स.

एका शेतकऱ्याच्या मुलांनी वडिलांची १९६७ची ‘जीटीओ’ दाखवली. जाळीवर जीटीओची अक्षरं, बाजूला बिल्ले, सगळं जागेवर. ड्रायव्हरच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावरची नंबराची पट्टी वाचायला कोणी गेलंच नव्हतं, त्यात दारावर कोंबड्यांनी मुक्काम केलेला. नंबर २३७नं सुरू होत होता. मुलं चिडली, आम्ही भाव पाडतोय असं त्यांना वाटलं. दुसऱ्या एका विक्रेत्यानं तर कुजलेल्या खऱ्या जीटीओची पट्टी आणून बसवायचा सल्ला दिला. असं करणं इथे केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. भागीदारानं त्यांना बिलाची प्रत मागवून दिली आणि विषय मिटला.

गाडी आम्ही लमान्स म्हणूनच विकली. ओहायोतल्या एका शिक्षकानं घेतली, कारण त्याच्या आईकडे तशीच होती. ट्रेलरवर चढवण्याआधी त्यानं स्क्रूड्रायव्हर मागितला, जीटीओचे बिल्ले काढले आणि ते काउंटरवर ठेवून गेला.