शेण आणि फॉस्फोजिप्सम: १० टक्के पुरे, २५ टक्के घातक

फॉस्फोरिक आम्लाच्या कारखान्यात, फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या हिशेबाने एक टन माल निघाला की साधारण पाच टन फॉस्फोजिप्सम (मुख्यतः जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट) मागे उरतं. कंपोस्टच्या ढिगात ते घालण्याचं ठोस कारण एकच: उडून जाणारा अमोनिया धरून ठेवणं. ढीग तापला की अमोनियम कार्बोनेट फुटून नत्र हवेत जातं. जिप्सम असेल तर या कार्बोनेटचं अमोनियम सल्फेट आणि चुनखडी होते, आणि अमोनियम सल्फेट उडत नाही. कॅल्शियम आणि गंधक मिळतं ते वरचं.

या खेपेत तीन ढीग शेजारी शेजारी लावलेत: एक बिनजिप्समचा, एकात कोरड्या वजनाच्या १० टक्के आणि एकात २५ टक्के जिप्सम. प्रत्येकात मूळ माल सारखाच: ७५ टक्के ओलाव्याचं शेण ३०० किलो, गव्हाचं काड ७० किलो, कोंबडी खत २० किलो. कोरडं वजन सुमारे १५० किलो, कर्ब-नत्र गुणोत्तर २५ च्या आसपास, एकूण नत्र अंदाजे २.४ किलो.

आता हिशेब. १७२ ग्रॅम जिप्सम जास्तीत जास्त २८ ग्रॅम नत्र बांधू शकतं. म्हणजे १० टक्क्यांच्या ढिगातलं १५ किलो जिप्सम कागदावर २.४ किलो नत्र बांधेल, ढिगातलं जवळजवळ सगळंच! सगळं नत्र काही अमोनिया होऊन उडत नाही. तेव्हा जिप्सम कमी विरघळतं, सगळीकडे पोचत नाही, हे धरूनही १० टक्के भरपूर झाले. त्यापुढचं प्रत्येक किलो नुसतं वजन.

कारखान्यातून येणारा माल ओला आणि ढेकळांचा असतो. आमच्या मालात २० टक्के मोकळं पाणी होतं, म्हणून १५ किलोसाठी १९ किलो तोलावा लागला. इथे एक सापळा आहे. १०५ अंशांवर ओव्हनमध्ये वाळवलं तर स्फटिकातलं पाणीही निघतं (शुद्ध जिप्सममध्ये ते २१ टक्के असतं) आणि ओलावा भलताच जास्त दिसतो. ४० ते ४५ अंशांवर वाळवा. तयार खताची सेंद्रिय द्रव्यं जाळून मोजतानाही हीच चूक होते, तिथे स्फटिकातलं पाणी सेंद्रिय म्हणून मोजलं जातं.

ढेकळं फोडून माल ४ मिमीच्या चाळणीतून काढला, ओल्या शेणावर आणि कोंबडी खतावर भुरभुरला, कालवला, आणि मग काड मिसळलं. हा क्रम महत्त्वाचा. काडावर पडलेलं जिप्सम कोरडंच राहतं आणि काही कामाचं नसतं. एकूण ओलावा ६० टक्क्यांच्या जरा खाली ठेवला.

बिनजिप्समचा आणि १० टक्क्यांचा, दोन्ही ढीग पहिल्या आठवड्यातच ६० अंशांवर गेले. ढिगावर ओला तांबडा लिटमस (अमोनियाने निळा होणारा कागद) धरला की बिनजिप्समच्या ढिगावर तो लगेच निळा होतो, १० टक्क्यांच्या ढिगावर बराच वेळ लागतो. घरच्या घरी फरक दाखवणारी याहून सोपी चाचणी नाही.

२५ टक्क्यांचा ढीग ५० अंशांपर्यंतही पोचला नाही. बारीक जिप्समने काडामधल्या फटी बुजल्या, हवा अडली, आणि गाभ्यात काळे पट्टे पडून सडक्या अंड्याचा वास सुटला. हवा संपली की काही जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. जिप्सम म्हणजे त्यांना आयता पुरवठा. हा वायू जीवघेणा आहे, शिवाय काही वेळाने नाकाला तो जाणवेनासा होतो. असा ढीग बंद शेडमध्ये कधीही उलथू नका. उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून उलथा आणि जाड लाकडी चिपा मिसळा. चिपा घालून दोनदा उलथल्यावर आमच्या ढिगाचा वास गेला, पण उष्णता काही परतली नाही. हा ढीग बाजूला काढलाय, खत म्हणून वापरणार नाही.

बाकीचे दोन ढीग आता मुरताहेत. १० टक्क्यांच्या ढिगात वाळलेल्या कडांवर पांढरे ठिपके दिसतात. ती बुरशी असेलच असं नाही. बोटांत चोळल्यावर कण खरखरीत लागले आणि भरपूर पाण्यात विरघळले तर ते पुन्हा जमलेलं जिप्सम. व्हिनेगरने फसफसलं तर चुनखडी.

ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) वाचतानाही सांभाळा. नुसत्या जिप्समचं संपृक्त पाणीच सुमारे २.२ डेसीसायमन प्रति मीटर दाखवतं. एका भागाला पाच भाग पाणी घेऊन केलेल्या अर्कात २ च्या वर आकडा आला म्हणून खत खारट ठरवू नका. अळिवाचं बी एकास दहा अर्कात रुजवून बघा, त्याचा निकाल जास्त खरा.

आणि हे आधीच करायचं काम: माल आणण्यापूर्वी कॅडमियम, फ्लोराइड आणि किरणोत्सर्गी रेडियम-२२६ चा अहवाल मागा. अमेरिकेत शेतीसाठीच्या फॉस्फोजिप्सममध्ये रेडियमची मर्यादा किलोला ३७० बेकरेल आहे. अहवाल नसेल तर माल घेऊ नका. कुजताना सेंद्रिय भाग निम्म्यावर येतो, जिप्सम मात्र तेवढंच राहतं. सुरुवातीचे १० टक्के शेवटी तयार खताच्या १६ टक्क्यांच्या आसपास भरतात, आणि जड धातूही त्याच प्रमाणात दाटतात.

तयार खतात चुना किंवा लाकडाची राख मिसळू नका. पीएच वर गेला की अमोनियम सल्फेटमधला अमोनिया सुटतो आणि सगळी मेहनत हवेत जाते. रॉक फॉस्फेटही या ढिगात नको, जिप्समचं कॅल्शियम त्याला विरघळू देत नाही. त्याचा ढीग वेगळा लावायचा. पुढच्या खेपेत जिप्सम ५ टक्क्यांवर आणून लिटमस किती वेळात निळा होतो ते पाहायचं आहे.