आम्ही की आपण

काराकोल (किर्गिझस्तान), १४ ऑगस्ट

आज दुपारी आम्ही मायलेकी इर्दिक गावातल्या एका दुंगान घरी गेलो होतो. बिश्केकला वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या माझ्या लेकीच्या मैत्रिणीचे ते आजोळ. मी वहीत चौदा प्रश्न लिहून नेले होते. त्यांपैकी तीनच विचारून झाले, आणि त्याचे आता फारसे वाईट वाटत नाही.

दुंगान म्हणजे मूळचे चीनमधले हुई मुसलमान. शान्शी आणि गान्सू प्रांतांत १८६२ साली पेटलेला त्यांचा उठाव चीनच्या छिंग राजवटीच्या फौजांनी मोडून काढला, तेव्हा १८७७-७८च्या हिवाळ्यात उरलेसुरले लोक तिएन शान पर्वतातल्या खिंडी ओलांडून रशियाच्या मुलखात उतरले. उठावाचा म्होरक्या बाय यान्हू याच्याबरोबरचे शान्शीकर चू नदीच्या खोऱ्यात काराकुनुझला वसले. गान्सूकडचे ११३० जण इर्दिकला आले. रशिया आणि चीन यांच्यातल्या १८८१च्या तहानंतर इलीच्या खोऱ्यातूनही काही कुटुंबे आली. हे सारे मी वाचून गेले होते.

आजींना यातले एकही साल ठाऊक नव्हते. त्यांची पणजी तेव्हा चालू शकण्याइतकी मोठी होती, पण बर्फात चालण्याइतकी नव्हती, म्हणून तिला घोड्यावरच्या ओझ्याला बांधले होते, आणि खायला भाजलेले पीठ होते. खिंडीच्या अलीकडे घरातले किती जण होते, हे त्यांनी बोटे पसरून दाखवले; पलीकडचा आकडा सांगताना तीन बोटे मिटली. सरकारी कचेरीला त्या अजून 'यामेन' म्हणतात आणि विमानाला 'वाऱ्याची नाव'. छिंग राजवट १९१२ साली संपली, सोव्हिएत संघ येऊन गेला, पण कचेरीचे जुने नाव या घरातून हलले नाही. (तंजावरच्या मराठी घरांतली बोली ऐकून पुण्याचा माणूस असाच चमकतो.)

आजी दुंगानमध्ये बोलत, नात ते रशियनमध्ये सांगे आणि माझी लेक मराठीत. 'ते घसरले, त्यांची जनावरे गेली' असे मी टिपत होते. आजींच्या तोंडी पुन्हा पुन्हा येणारा एक शब्द कोणता, असे लेकीने सहज विचारले, तेव्हा नात ओशाळून म्हणाली, "आजी 'ते' म्हणतच नाही, 'आम्ही' म्हणते. इतक्या जुन्या गोष्टीत ते चुकीचे वाटते, म्हणून मी दुरुस्त करून सांगते."

मी वहीतले सगळे 'ते' खोडले. मग शंका आली: आजींना आम्ही म्हणायचे होते की आपण? रशियनमध्ये दोन्हींना एकच शब्द आहे, असे लेक म्हणाली. नातीला विचारायला सांगेपर्यंत पावसाचे थेंब पडू लागले आणि आजी वाळत टाकलेल्या लसणीवर ताडपत्री घालायला अंगणात गेल्या. मागोमाग आम्हीही धावलो. वहीत तूर्त 'आम्ही' लिहिले आहे, शेजारी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह.