धातूच्या नख्या बोटांना बसवताना: बँजो, गिटार आणि मिरजेची एक खुंटी

आपल्याकडे बेंजो म्हटले की गणपतीच्या मिरवणुकीतले, टाइपरायटरसारखी बटणे असलेले आणि बुलबुल तरंगच्या घराण्यातले वाद्य डोळ्यांसमोर येते. त्यामुळे सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी पाच तारांचा अमेरिकन बँजो आला, तेव्हा शेजाऱ्यांना हे वेगळे वाद्य आहे एवढे समजावून सांगण्यातच पहिला आठवडा गेला. परदेशातून कायमचा परत आलेल्या माझ्या थोरल्या भावाने तो आणला होता. मी वीस वर्षे गिटार वाजवत आलो आहे, तीही उजव्या हाताची नखे वाढवून. पण पोलादी तारांवर माझी नखे कधीच फार दिवस टिकली नाहीत. बँजोसाठी बोटांत धातूच्या नख्या घालतात हे कळल्यावर दोन्ही वाद्यांचा प्रश्न एकदमच सुटेल असे मला वाटले. तो सुटायला जवळजवळ आठ महिने लागले.

या नख्यांचा वापर आज ज्या पद्धतीने होतो, त्याच्याशी अर्ल स्क्रग्ज यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. नॉर्थ कॅरोलायनात 1924 साली जन्मलेल्या या वादकाने 1945 च्या डिसेंबरात ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीत-शैलीचे प्रणेते बिल मनरो यांच्या वाद्यवृंदात प्रवेश केला आणि अंगठा, तर्जनी व मध्यमा अशा तीन बोटांनी अखंड धावणारी वादनशैली घरोघरी पोहोचवली. या शैलीत अंगठ्यात बहुधा प्लॅस्टिकची आणि दोन बोटांत धातूची नखी असते. बँजोचा स्वर उमटतो तसा लगेच विरतो, म्हणून प्रत्येक आघात स्वच्छ आणि टोकदार असावा लागतो, आणि तो धातू देतो. बोटाच्या मांसल भागाने वाजवलेला बँजोही गोड वाजतो, पण तो वेगळ्या जातीचा नाद आहे.

खरेदीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. सांगलीच्या दुकानांत या नख्या मिळाल्या नाहीत, म्हणून मी डनलॉप कंपनीच्या तीन जाडींच्या जोड्या मागवल्या. जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात: 0.015 म्हणजे सुमारे 0.38 मिलिमीटर, 0.018 म्हणजे 0.46 आणि 0.025 म्हणजे 0.64 मिलिमीटर. पातळ नखी हाताने सहज वाकते, पण जोराच्या आघाताला थोडी दबते. जाड नखीचा आवाज भरदार असतो, पण तिला आकार देणे कष्टाचे असते. माझ्या तिन्ही जोड्या निकेल सिल्व्हरच्या होत्या. या मिश्रधातूत तांबे, निकेल आणि जस्त असते, चांदी अजिबात नसते. त्यातल्या निकेलमुळे काहींच्या त्वचेला खाज सुटते. माझ्या पुतणीला तसा त्रास झाला, म्हणून तिच्यासाठी पितळी जोडी घ्यावी लागली. पितळेचा आवाज मला थोडा मऊ वाटतो, मात्र घामाने बोटावर हिरवट डाग पडतात. स्टेनलेस स्टीलच्या नख्याही मिळतात; पण वाकवल्या की त्या पुन्हा मूळ आकाराकडे उसळतात, म्हणून नवख्या माणसाने त्यांच्यापासून सुरुवात करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. नखी म्हणजे नखाच्या जागी घालायची वस्तू अशी समजूत करून मी ती नखावर, वाघनखासारखी चढवली. खरे तर तिचे पाते बोटाच्या मांसल बाजूला, म्हणजे तारेकडे यावे लागते आणि पट्टी नखाच्या मुळाशी वेढा घालते. ही चूक भावाने लगेच दुरुस्त केली. पुढच्या दोन चुका मात्र मला दोन महिने उमगल्या नाहीत. नखी बोटावर फिरू नये म्हणून मी पट्टी पकडीने आवळत गेलो; परिणामी अर्ध्या तासात बोटाचे टोक बधिर होई आणि पट्टीच्या वरच्या कडेचा लाल वळ सकाळपर्यंत राही. पट्टी सैल केली की दहा-बारा आघातांत नखी गरकन फिरे आणि पाते तारेत अडके. शिवाय पकडीच्या दातांनी धातूवर उठलेले ओरखडे त्वचेला टोचत, ते निराळेच.

हा गुंता मिरजेत सुटला. सांगलीपासून मिरज जेमतेम दहा किलोमीटरवर, आणि तिथल्या सतारमेकरांची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे. मूळचे शस्त्रांना धार लावणारे शिकलगार वाद्ये घडवू लागले आणि धातूबरोबर लाकूड व भोपळाही त्यांच्या हातात आला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. माझ्या मनात आले, की जिथे पिढ्यान्पिढ्या सतारीची नखी बोटाला बसवून देतात, तिथे माझ्या दुखण्याचे निदान नक्की होईल. एका रविवारी बँजो आणि नख्यांची डबी घेऊन मी तिथल्या एका वयस्कर कारागिरांकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही तेच म्हणालो.

चाचांनी आधी बँजोकडे पाहिलेच नाही. माझी तर्जनी हातात घेतली, टोक दाबून सोडले, रक्त किती वेळात परत येते ते पाहिले आणि मग नखी निरखली. "सर, तुमचं बोट टोकाकडं निमुळतं हाय, आणि ही पट्टी सरळ नळीसारखी हाय. वरची कड बोटात रुतती आणि खालची मोकळी राहती. मग फिरणार न्हाई तर काय करणार?" माझ्या दोन महिन्यांच्या त्रासाचे कारण त्या एका वाक्यात होते. पट्टी घट्ट करायची नव्हती, तिला बोटाचा उतार द्यायचा होता. त्यांनी तंबोऱ्याची एक शिसवी खुंटी काढली. तंबोऱ्याची खुंटी मुळात निमुळतीच असते. तिच्यावर नखी ठेवून, मध्ये सुती कापडाचा तुकडा घेऊन, त्यांनी पट्टीचे दोन्ही पंख अंगठ्याने हळूहळू दाबत नेले, पुन:पुन्हा माझ्या बोटावर घालून पाहिले आणि शेवटी पट्टी सगळीकडून सारखी टेकली. दाब वाटत होता, पण तो एका रेषेवर नव्हता, संपूर्ण वेढ्यावर पसरलेला होता.

सतारीची नखी आणि ही नखी यांतला फरकही त्या दिवशी नीट समजला. मिझराब, म्हणजे सतारीची नखी, पोलादी तारेची असते आणि तिच्या दोन्ही बाजू कामाच्या असतात. 'दा' हा बोल आत येताना वाजतो आणि 'रा' बाहेर जाताना. बँजोच्या नखीचे पाते मात्र केवळ आत, तळहाताकडे येताना वाजण्यासाठी घडवलेले असते; बाहेरच्या आघाताला तिची कड तारेत अडकते. म्हणून सतारीच्या सवयीचा हात इथे काही दिवस चाचपडतो, आणि चाचांचाही चाचपडला. तरीही त्यांनी माझ्या जाड नखीने बँजोच्या पहिल्या तारेवर दहा-पंधरा आघात केले आणि पाते बोटाच्या टोकाच्या गोलाईप्रमाणे आणखी वळवायला सांगितले. सरळ पाते तारेखाली खोल शिरते आणि आकडीसारखे ओढते. वळवलेले पाते तारेवरून सरकून निघते, त्यामुळे आवाज थोडा लहान पण नियंत्रित येतो. घरी येऊन मी एका तर्जनीच्या नखीचे पाते चार वेगवेगळ्या वळणांत वाजवून पाहिले. आता माझे पाते बोटाच्या टोकापुढे दोन-तीन मिलिमीटरच येते आणि तिथे ते वरच्या बाजूला कलते.

बँजो इथवर सुखाने वाजू लागला. गिटारवर त्याच नख्या घातल्या तेव्हा मात्र खरखर ऐकून मी हादरलो. कारण समजायला तारांकडे नीट पाहावे लागले. बँजोच्या पाच तारांपैकी सहसा एकच, चौथी, वेटोळ्याची असते, बाकीच्या साध्या पोलादी. पोलादी तारांच्या गिटारवर मात्र तिसरी ते सहावी अशा चार तारांवर कांस्याचे वेटोळे असते. नखी तारेवर तिरकी आली, की तिची कड त्या वेटोळ्यांवरून कानशीवर घासल्यासारखी सरकते, आणि स्वराआधी खरखर ऐकू येते. यावर दोन उपाय लागू पडले. पहिला म्हणजे नखी बोटावर किंचित अंगठ्याच्या दिशेने फिरवून घालणे, म्हणजे हात तिरका असला तरी पात्याची कड तारेला समांतर भिडते. दुसरा उपाय कडेचा. कारखान्यातून आलेली कड नुसत्या डोळ्यांना गुळगुळीत दिसते, पण भिंगातून पाहिल्यावर तिच्यावर बारीक खाचा दिसल्या. 600, मग 1000, मग 2000 नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात बुडवून ती गोल केली आणि शेवटी ब्रासोने चकचकीत केली. या कामाला एका नखीला चाळीस मिनिटे लागतात आणि ती घालवावीत असे मी आग्रहाने म्हणेन, कारण माझ्या गिटारवरची अर्ध्याहून अधिक खरखर तिथेच गेली. गिटारसाठी मी 0.018 ची जोडी ठेवली आणि बँजोसाठी 0.025 ची. नायलॉनच्या तारांच्या गिटारवर धातूची नखी मी वापरत नाही, कारण तारा फार लवकर झिजतात.

अंगठ्याची प्लॅस्टिकची नखी सैल करण्यासाठी ती गरम पाण्यात काही सेकंद धरून, मऊ झाल्यावर अंगठ्यावर घालून थंड होऊ द्यावी. ज्योतीवर मुळीच धरू नये. सेल्युलॉइडची असेल तर ती भडकन पेट घेते.

रियाजाचा भाग संथ होता. नखी घातल्यावर बोटाला तारेचा स्पर्शच कळत नाही, आणि पहिले काही आठवडे दोन तारा एकदम वाजणे किंवा आघात हवेत जाणे अटळ असते. अनामिका आणि करंगळी बँजोच्या तोंडावर ताणलेल्या पडद्यावर टेकवून, मेट्रोनोम (लय मोजणारे यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर ठेवून मी एकच आवर्तन रोज वीस मिनिटे वाजवले. पाचव्या आठवड्यात अंतर बोटांना कळू लागले. घाम आला की नखी सरकते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत मी हात धुऊन, पुसून, मगच नख्या घालतो. उन्हाळ्यात बोटे थोडी फुगतात, तेव्हा पट्टी खुंटीवर एका केसाइतकी मोकळी करावी लागते आणि थंडीत पुन्हा मिटवावी लागते. त्यासाठी चाचांनी त्यांची तडा गेलेली एक जुनी खुंटी मला देऊन टाकली. नख्या तर्जनीच्या कोणत्या आणि मध्यमेच्या कोणत्या हे विसरू नये म्हणून पट्टीच्या आतून सुईने एक आणि दोन रेघा ओढून ठेवल्या आहेत. गिटारसाठी अनामिकेची तिसरी नखी अजून बसलेली नाही. तिच्या पट्टीचा उतार मला साधत नाही, म्हणून येत्या रविवारी तीच घेऊन मिरजेला जाणार आहे.