अॅल्युमिनियमच्या पार्टचं वजन, काट्यावर ठेवण्याआधी

एकच आकडा पाठ असू द्या, अॅल्युमिनियमची घनता: 2.7 ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. मापं मिलिमीटरमध्ये घेतली असतील तर आकारमानाला 1000 ने भागा आणि मग 2.7 ने गुणा. भागायचं राहिलं तर उत्तर हजारपट येतं, ते निदान लगेच कळतं तरी!

120 × 80 × 10 मिमीची प्लेट धरा. 96 घनसेंटिमीटर, म्हणजे 259 ग्रॅम. तिला 12 मिमीची चार आरपार भोकं पाडली की साडेचार घनसेंटिमीटर जातात, उरतात 247 ग्रॅम. छोट्या चॅम्फरच्या (तिरप्या कापलेल्या कडांच्या) नादी लागू नका, पण पॉकेट (कोरलेले खोलगट भाग) आणि मोठी भोकं वजा कराच.

गोल बारसाठी मिमीतल्या व्यासाचा वर्ग गुणिले 0.00212, उत्तर किलो प्रति मीटर. 50 मिमीचा बार मीटरला 5.3 किलो भरतो. पाइपला बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करा, परत जाडीने गुणा, मग 0.00848 ने. इथे हमखास चूक होते ती आतला व्यास बाहेरचा समजून घेतल्याने.

ग्रेडने, म्हणजे कुठला मिश्रधातू आहे त्याने, घनतेत फरक पडतो, पण थोडा. 6061 ला 2.70, 7075 ला 2.81, म्हणजे चार टक्के जास्त. पत्र्याची जाडी मात्र मोजूनच घ्या: 3 मिमी म्हणून आलेला पत्रा 2.9 निघाला की तीन टक्के तिथेच गेले.

कॅडमधलं (संगणकावरच्या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमधलं) वजन तुमच्या हिशोबाच्या साधारण 2.9 पट दिसलं, तर मटेरियल स्टीलवरच राहिलंय.