दोन तासांची मुदत

दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातील आमच्या भागातली गावे निम्मी रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघून जातात आणि मागे म्हातारी माणसे व काही लेकरे उरतात. डिसेंबरमधील एका रात्री दीडच्या सुमारास एक आजी ३ वर्षांच्या नातवाला गोधडीत गुंडाळून आमच्या ग्रामीण रुग्णालयात आल्या. लेकरू दिसण्याआधी त्याचा खोकला ऐकू आला, कुत्रे भुंकावे तसा. श्वास आत घेताना घशातून कर्कश आवाज येत होता आणि गळ्याखालची खळी आत ओढली जात होती.

पडजीभ पडली असेल म्हणून आजींनी वाटेत घशात बोट घालून पाहिले होते. त्यांना काय बोलणार? जीभ दाबण्याची पट्टी तोवर माझ्याही हातात आली होती. डॉक्टरांनी ती खाली ठेवायला लावली, कारण स्वरयंत्राला सूज असताना लेकरू रडले की श्वासाची वाट आणखी अरुंद होते. त्याला आजींच्या मांडीवरच ठेवून मी पूर्ण १ मिनिट श्वास मोजले : ४६. ते शांत असतानाही आवाज येत होता, ही खरी धोक्याची खूण.

आजींच्या पिशवीत लसीकरणाचे कार्ड होते. दीड वर्षाच्या त्रिगुणी (घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांवरील) लसीच्या बूस्टरचा रकाना कोरा होता. तेव्हा लेकरू आईबापांबरोबर फडावर होते. घटसर्पाची शंका त्यामुळे मनात राहिली, जरी त्यात सुजते तशी मान सुजलेली नव्हती.

वजन १२ किलो. डॉक्टरांच्या सांगण्यानुसार सूज उतरवणारे डेक्सामेथासोन ७ मिलिग्रॅम तोंडावाटे दिले आणि अ‍ॅड्रेनलिनचे नेब्युलायझेशन, म्हणजे मास्कमधून औषधाची वाफ, लावले. मास्क आजींनीच धरला. वीस मिनिटांत आवाज थांबून लेकरू झोपले.

“आता बरं वाटायलंय त्याला, जाऊ का बाई?” आजींनी विचारले. अ‍ॅड्रेनलिनचा गुण साधारण दोन तासांत ओसरतो आणि डेक्सामेथासोनला अंगी लागायला काही तास लागतात, हे त्या वेळी समजावणे कठीण होते. मी जाऊ दिले नाही, त्या रागावल्या. पावणेचारला तोच आवाज पुन्हा सुरू झाला. दुसरे नेब्युलायझेशन द्यावे लागले. त्यानंतर मात्र आवाज परतला नाही.

सकाळी खेळत्या लेकराने आपणहून तोंड उघडले. घशात घटसर्पाचा पांढुरका पापुद्रा नव्हता. कोऱ्या रकान्यापुढे मी पेन्सिलीने पुढच्या लसीकरणाची तारीख लिहिली आणि आजींना ती ‘बाजारानंतरचा बुधवार’ अशी दोनदा सांगितली.