मेंदूला डीएचए मिळते ते कोणत्या रूपात?

'मासे खा, मेंदूला चांगले असतात' हे वाक्य पोषणावरच्या लेखांत सतत भेटते आणि त्यापाठोपाठ डीएचए या ओमेगा-३ मेदाम्लाचे नाव येते. परंतु रक्तात आलेले हे डीएचए मेंदूत शिरते कसे, हा मला अधिक मूलभूत वाटणारा प्रश्न तिथे क्वचितच विचारला जातो. चेतापेशींच्या पटलांत डीएचए विपुल असते, मेंदू स्वतः मात्र ते फारच थोडे तयार करू शकतो आणि त्याच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरातील पेशी इतक्या घट्ट सांधलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थ बाहेरच अडतात.

उत्तराचा मोठा भाग लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन या रेणूपाशी सापडतो. फॉस्फॅटिडिलकोलीन या नेहमीच्या फॉस्फोलिपिडाला (पेशीपटले ज्यांची बनतात त्या मेदासारख्या रेणूंपैकी एकाला) दोन मेदाम्ले जोडलेली असतात. त्यांपैकी एक विकराने तोडले की हा रेणू उरतो. या रेणूची ख्याती मात्र वाईट होती. त्याचे प्रमाण वाढले तर तो साबणाप्रमाणे पेशीपटले विरघळवतो, आणि प्रयोगशाळेत चेतातंतूंवरील मायलिनचे आवरण मुद्दाम नष्ट करण्यासाठी तो आजही प्राण्यांना टोचला जातो.

म्हणूनच सिंगापूरमधील डेव्हिड सिल्व्हर यांच्या गटाने २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केलेले संशोधन मला विलक्षण वाटते. मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात असलेले एमएफएसडी२ए हे प्रथिन, सोडियमच्या साहाय्याने, डीएचए जोडलेले लायसोफॉस्फॅटिडिलकोलीनच आत ओढून घेते. सुटे डीएचए ते वाहून नेत नाही. ज्या उंदरांत हे प्रथिन नव्हते त्यांच्या मेंदूतील डीएचए बरेच घटले, मेंदू लहान राहिला, हिप्पोकॅम्पस (स्मृतीशी निगडित भाग) आणि अनुमस्तिष्कातील चेतापेशी कमी झाल्या. हार्वर्डमधील चेंगहुआ गू यांच्या गटाने त्याच सुमारास दाखवले की हे प्रथिन नसेल तर रक्तवाहिन्यांचा अडथळाही गळका होतो. माणसांतला पुरावा २०१५ मध्ये आला आणि तो वाचताना मन जड होते: इजिप्त, लिबिया व पाकिस्तानातील काही कुटुंबांत या प्रथिनाच्या जनुकातील दोषामुळे मुलांची डोकी लहान राहिली होती, त्यांच्या रक्तात लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन वाढलेले होते आणि काही मुले बालपणीच दगावली.

या पार्श्वभूमीवर २०१० मधील एक अमेरिकी चाचणी पुन्हा पाहण्यासारखी आहे. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ४०२ जणांवर ती झाली. ज्यांना शैवालापासून काढलेले डीएचए रोज २ ग्रॅम याप्रमाणे १८ महिने दिले, त्यांचा बौद्धिक ऱ्हास मंदावला नाही. त्याला इतर कारणे असू शकतील, उपचार उशिरा सुरू होणे हेही त्यांपैकी एक; तरीही डीएचए कोणत्या रूपात दिले जाते याकडे दुर्लक्ष करणे मला योग्य वाटत नाही. शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये प्रौढ उंदरांना सुटे डीएचए आणि लायसोफॉस्फॅटिडिलकोलीनला जोडलेले डीएचए तोंडावाटे दिले, तेव्हा मेंदूतील साठा वाढला आणि स्मृती सुधारली ती दुसऱ्या रूपाने. उंदरांचा हा निष्कर्ष माणसांना सरसकट लावता येणार नाही, पण यापुढे डीएचएची चाचणी आखणाऱ्यांनी मात्रेइतकाच विचार त्याच्या रूपाचाही करायला हवा.